नाशिकच्या धरणांसाठी कमी बजेटची होडी: पैसा कुठे घालायचा, कुठे वाचवायचा

होडी घेण्याविषयीचे सल्ले बहुतेक समुद्र डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. खारं पाणी, गंज, तळाला चिकटणारी कालवं, लाटांचा मार. नाशिककराला त्यातलं फारसं काही लागू पडत नाही. गंगापूर, मुकणे, दारणा, वैतरणा, सगळीकडे गोडं पाणी. इथे होडी खराब होते ती तीन गोष्टींनी: ऊन, कातळ आणि आत साचलेलं पावसाचं पाणी. बजेट कमी असेल तर हा फरक फार मोलाचा आहे, कारण समुद्रासाठी म्हणून ज्या गोष्टींचे जादा पैसे मोजले जातात त्यातल्या निम्म्या इथे नकोच असतात आणि ते पैसे तळाच्या जाडीत, मागच्या फळीत आणि तरंगण्याच्या फोममध्ये घालता येतात.

आधी पाणी ठरवा

आगाऊ रक्कम देण्याआधी होडी कुठे उतरवणार याचं उत्तर हातात हवं. जलाशय जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत असतात. ज्या धरणावर जायचं, त्याच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि उत्तरही लेखीच घ्या. गेटवरच्या माणसाच्या तोंडी होकारावर एवढा खर्च करू नये. गंगापूर धरण शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मुख्य आधार आहे, त्यामुळे तिथे पेट्रोल इंजिनाचा विचार धरूच नका. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीतही आहे. तिथली पाणथळ पक्ष्यांसाठी राहू द्यावी. इंजिन लावलं की होडी इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट, २०२१ च्या कक्षेत येते आणि नोंदणी, तपासणी, विमा हे सगळं मागे लागतं. वल्ह्यांच्या होडीला हा पसारा बराच कमी असतो.

दुसरी गोष्ट पाण्याच्या पातळीची. ऑक्टोबरात काठोकाठ असलेलं धरण मे महिन्यात पार खाली गेलेलं असतं. दिवाळीत जिथून निर्धास्त गेलात तिथेच एप्रिलमध्ये काळा कातळ पाण्याखाली वीतभर खोलीवर बसलेला असतो. काठही मागे सरकतो आणि गाडीपासून पाण्यापर्यंत काळ्या मातीच्या चिखलातून होडी हातांनी न्यावी लागते. दोन माणसं चिखलातून ४०-५० किलो नेऊ शकतात, त्यापुढे चार माणसं किंवा चाकं लागतात. म्हणून वजन हा इथे पहिल्या रांगेतला मुद्दा आहे. दुकानदार लांबी आणि रंग सांगतो, तुम्ही वजन विचारा.

किती माणसं, किती मोठी

एक जुना, भरवशाचा ठोकताळा आहे: लांबी आणि रुंदी फुटांत घ्या, गुणाकार करा, १५ ने भागा. १० फूट बाय ४ फूट म्हणजे ४०, भागिले १५ म्हणजे अडीचच्या थोडं वर, म्हणजे दोनच माणसं. १२ फूट बाय साडेचार फूट म्हणजे तीन. हा आकडा शांत पाण्याचा आणि सरासरी वजनाच्या माणसांचा आहे. अपूर्णांक नेहमी खालीच ओढायचा. '१० फुटी, चार जणांची' अशी जाहिरात दिसली तर विकणाऱ्याने एक तर हिशेब केलेला नाही किंवा केला आणि लपवला.

मे महिन्यात दुपारनंतर वळवाचा वारा अचानक सुटतो आणि मोठ्या जलाशयावर दहा मिनिटांत फूट-दीड फुटाच्या लाटा उठतात. माणसं आणि सामान बसल्यावर काठ पाण्यावर किमान ३० सेंमी राहायला हवा. हे दुकानात कळत नाही, पाण्यावरच मोजावं लागतं. व्यवहारात ती अट आधीच घालून ठेवा.

चार पर्याय आणि त्यांचा खरा खर्च

*साच्यात फिरवून बनवलेलं प्लास्टिक.* कयाक आणि छोट्या होड्या यात येतात. एक-दोन माणसं, वल्ही, इंजिन नको, अशी गरज असेल तर आपल्या कातळावर याच्याइतकं टिकाऊ दुसरं काही नाही. दगडावर घासली तर ओरखडा पडतो, भोक पडत नाही. एका माणसाची ३ मीटरची कयाक २०-२५ किलोंची असते. तपासायचं असं: झाकण उघडून आत जोरदार टॉर्च ठेवा आणि अंधाऱ्या खोलीत बाहेरून बघा. जाडी सारखी असेल तर उजेड सारखा दिसतो. एखादा पट्टा जास्त उजळ दिसला तर तिथे प्लास्टिक पातळ आहे. टोकं आणि तळाची कड नीट बघा, कारण घासते ती तिथेच. जुनी घेताना डेकवर बोट घासा. पांढरी पूड आली तर उन्हाने प्लास्टिक मरायला लागलं आहे. या प्लास्टिकवर कुठलाही गोंद धरत नाही, त्याच जातीच्या प्लास्टिकच्या कांडीने वेल्डिंगच करावं लागतं. एपॉक्सीने बुजवलेली चीर दिसली तर ती बुजलेली नाही असंच समजा.

*हवेची होडी.* तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आणि डिकी छोटी असेल तर हाच मार्ग. कापडाची जाडी ०.९ मिमी मिळाली तर उत्तम, ०.७ च्या खाली जाऊ नका. सांधे चिकटवलेले आहेत की उष्णतेने वेल्ड केलेले, हे विचारा. चिकटवलेले सांधे नाशिकच्या उन्हात, बंद गाडीच्या डिकीत दोन-तीन उन्हाळ्यांत सुटायला लागतात. हवेचे कप्पे किमान तीन हवेत, एक फुटला तर बाकीचे तारतात. आता दाबाचा हिशेब. सकाळी २५ अंशांना नळीत ०.२ बार हवा भरली आणि दुपारी नळी ४५ अंशांवर गेली तर दाब जवळपास ०.२८ बार होतो, म्हणजे ४० टक्के वाढ. काठावर उन्हात ठेवलेल्या गडद रंगाच्या होडीचा सांधा सुटतो तो याच कारणाने. पाण्याबाहेर काढली की थोडी हवा सोडा, परत उतरवताना भरा. पंप हाताशी ठेवा.

*अ‍ॅल्युमिनियम.* वजनाला हलकं, उन्हाची फिकीर नाही, कातळावर पोचा येतो पण फुटत नाही. अडचण मिळण्याची आहे. तयार होड्या इकडे कमी, म्हणून लोक स्थानिक फॅब्रिकेटरकडून करून घेतात. तसं करायचं असेल तर पत्रा ५०५२ किंवा ५०८३ ग्रेडचा हवा आणि पत्र्याचं टेस्ट सर्टिफिकेट स्वतः बघा. साधा बाजारातला पत्रा दिसायला तसाच असतो पण फार मऊ. बाजूंना २ मिमी, तळाला ३ मिमी ही रास्त जाडी. वेल्डिंग तपासायला महागडं काही लागत नाही: बाहेरून जोडावर चुन्याचा पातळ हात द्या, सुकू द्या, मग आतून रॉकेल लावा आणि २० मिनिटं थांबा. चुन्यावर ओला डाग उमटला तिथे छिद्र आहे. आत ओला गालिचा किंवा चिखल कधी साचू देऊ नका. गोड्या पाण्यातही अशा झाकलेल्या ओलीखाली पत्रा टाचणीएवढ्या खळग्यांनी कुरतडला जातो.

*फायबर, म्हणजे एफआरपी.* काचेच्या धाग्यांचे थर रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, बसवून ही होडी बनते. तीन-चार जणांचं कुटुंब आणि छोटी मोटर असेल तर बहुतेक लोक इथेच येतात. सगळ्यात जास्त फसवणूकही इथेच होते, कारण चांगला आणि वाईट थर वरच्या चकचकीत जेलकोटखाली सारखाच दिसतो. म्हणून याबद्दल जरा विस्ताराने.

फायबरचा थर: वजनावरून जाडी, जाडीवरून दर्जा

१२ फुटी होडीच्या तळाचं आणि बाजूंचं मिळून क्षेत्रफळ साधारण ८ चौरस मीटर धरा. सभ्य थर असा असतो: चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या काचेच्या मॅटचे तीन थर आणि ६०० ग्रॅमच्या विणलेल्या कापडाचा, म्हणजे वोव्हन रोव्हिंगचा, एक थर. काच झाली १५ ते १६ किलो. मॅट आपल्या वजनाच्या सव्वादोन ते अडीच पट रेझिन पिते, विणलेलं कापड जवळपास स्वतःइतकंच. रेझिन मिळून ३० किलोंच्या आसपास. वर अर्ध्या मिलिमीटर जेलकोटचे ५ किलो. एकूण नुसतं कवच ५० किलोंचं. जाडी मॅटच्या थराला साधारण १ मिमी, विणलेल्या कापडाला पाऊण मिमी, म्हणजे जेलकोटसकट सव्वाचार मिमी. तळाच्या मधल्या कडेला, जिथे कातळ घासतो, तिथे आणखी दोन थर मॅट मागून घ्या. एक-दीड चौरस मीटरचंच काम असतं, ३ ते साडेचार किलो वजन वाढतं आणि होडीचं आयुष्य सगळ्यात जास्त त्यानेच वाढतं.

हा हिशेब दोन्ही बाजूंनी उपयोगी पडतो. कोणी त्याच मापाचं कवच ३० किलोंचं सांगितलं तर थर चोरले आहेत. ८० किलोंचं भरलं आणि बाकी काही बसवलेलं नसेल तर रेझिन ओतलं आहे किंवा त्यात खडूची पूड मिसळली आहे. खडूने माल स्वस्त आणि जाड होतो, पण ठिसूळ. कातळाचा एक ठोका बसला की सरळ चीर जाते.

नक्की कळायला एकच खात्रीची परीक्षा आहे आणि ती कोणालाही करता येते. पाणी काढायचं भोक पाडताना जी चकती निघते ती मागून घ्या. कानशीने जेलकोट खरवडून टाका. सराफाच्या काट्यावर चकतीचं वजन करा, समजा १० ग्रॅम भरलं. मग ती उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून, ब्लोटॉर्चने पूर्ण जाळा. धूर विषारी असतो, घरात हे करू नये. रेझिन जळून जातं आणि मागे काचेचे थर पापुद्र्यांसारखे सुटे होतात. थंड झाल्यावर चिमट्याने एकेक उचलून मोजा: विणलेलं कापड चटईच्या विणीवरून लगेच ओळखू येतं, मॅटचे धागे वेडेवाकडे पसरलेले असतात. परत वजन करा. १० ग्रॅममधले ३ ते साडेतीन ग्रॅम उरले तर थर योग्य आहे. २ ग्रॅमच उरले तर रेझिन भरमसाट आहे. पापुद्र्यांऐवजी पांढरी पूड हाताला लागली तर खडू होता. चकती द्यायला खळखळ करणाऱ्याकडून होडी घेऊ नका.

बाकीच्या तपासण्या सोप्या आहेत. पाच रुपयांचं नाणं घेऊन तळ, कडा आणि मागची फळी वीतभर अंतरावर ठोकत जा. चांगला थर टणक आवाज देतो, थर सुटलेला किंवा आत ओल असेल तिथे आवाज बसका येतो. अशा जागेभोवती पेन्सिलने गोल करून ठेवा. तीक्ष्ण कोपऱ्यांवर स्क्रू-ड्रायव्हरची मूठ हलकेच मारा. मॅट कोपऱ्यात नीट बसली नसेल तर मागे पोकळी राहते आणि तिथला जेलकोट तुकड्याने निघून येतो. आतल्या बाजूला पांढरट, कोरडे धागे दिसले तर रेझिन पोचलेलं नाही. जेलकोटवर चांदणीसारख्या बारीक चिरा एखाद्या बोल्टभोवती असतील तर तो भाग लवतो आहे, म्हणजे मागे जाडी कमी आहे. नुसता रंग भरून ती चीर महिनाभरात परत येते.

कच्चं राहिलेलं रेझिन हा आणखी एक रोग आहे आणि त्याचा आपल्या हवेशी थेट संबंध आहे. हार्डनरचं प्रमाण रेझिनच्या १ ते २ टक्के असतं. एप्रिल-मेमध्ये कारखान्यातलं तापमान ३८-४० अंश झालं की रेझिन डब्यातच घट्ट व्हायला लागतं, मग कारागीर हार्डनर १ टक्क्याच्याही खाली आणतो. थर वरून सुकल्यासारखा दिसतो, आतून कधीच पूर्ण पक्का होत नाही. उलट डिसेंबर-जानेवारीत निफाडकडची थंडी आपल्याकडेही उतरते, रात्री तापमान दहाच्या खाली जातं, आणि संध्याकाळी घातलेला थर अर्धवट राहतो. पावसाळ्यात मॅट ओल धरते आणि रेझिन काचेला नीट चिकटत नाही. म्हणून होडी करून घ्यायची असेल तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च हे दिवस धरा. साच्यात किमान दोन दिवस राहू द्या. घाईने काढलेलं कवच वाकतं आणि मग ते सरळ पाणी कापत नाही.

ओळखायचं कसं? बनून तीन-चार आठवडे झाले तरी आत झाकणाखाली रेझिनचा उग्र वास येत असेल तर शंका घ्या. मग अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेली चिंधी आतल्या बाजूवर अर्धा मिनिट घासा. पृष्ठभाग चिकट झाला तर रेझिन कच्चं आहे. आतून मेणमिश्रित शेवटचा थर, ज्याला कारखान्यात फ्लोकोट म्हणतात, तो दिलाच नसेल तर नुसत्या हवेमुळेही चिकटपणा राहतो. पण तो थर न देणं हीसुद्धा कंजुषीच आहे.

रेझिन कुठलं, हेही विचारा. गोड्या पाण्यात फायबरला फोड येण्याची शक्यता खाऱ्या पाण्यापेक्षा कमी नसते, जास्तच असते, हे पुष्कळांना माहीत नसतं. पण फोड यायला होडी महिनोन्‌महिने पाण्यात तरंगत राहावी लागते. दर वेळी बाहेर काढून वाळवणाऱ्याला साधं ऑर्थो रेझिन चालतं. होडी पाण्यातच बांधून ठेवायची असेल तर जेलकोट आणि पहिला मॅटचा थर आयसो रेझिनचा, म्हणजे पाण्याला जास्त टिकणाऱ्या जातीचा, मागा. पूर्ण होडी आयसोची करायची गरज नाही, फरक पडतो तो बाहेरच्या थरानेच.

अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत काम द्यायचं असेल तर एक लक्षात ठेवा: टाक्या आणि कव्हर बनवणाऱ्याचं काम वाईट नसतं, पण टाकी जागेवर उभी असते आणि होडी दगडावर आदळते. त्याला होडीचं माप देऊन मोकळं होऊ नका. थरांची यादी, रेझिनचं नाव, तळाच्या कडेचे जादा थर, मागच्या फळीचं प्लाय आणि अपेक्षित वजन हे सगळं ऑर्डरच्या कागदावर लिहून सही घ्या. जेलकोट पांढरा किंवा फिका घ्या. गडद निळा-काळा रंग उन्हात इतका तापतो की आतल्या विणीचा ठसा वर उमटतो.

मागची फळी

मोटर जिथे लटकते ती मागची उभी भिंत, म्हणजे ट्रान्सम, जुन्या होड्यांमध्ये सगळ्यात आधी जाते. आत प्लाय असतं, त्यात मोटरच्या बोल्टची भोकं पडतात, भोकांमधून पाणी शिरतं आणि बाहेरून चकाचक दिसणारी फळी आतून भुसा होते. प्लाय आयएस ७१० चं, म्हणजे मरीन, हवं. आयएस ३०३ चं प्लाय घरातल्या कपाटाला ठीक, इथे नाही. शिक्क्यावर पूर्ण भरवसा नको असेल तर बोटभर तुकडा कुकरशिवाय, साध्या पातेल्यात तीन-चार तास उकळा. थर सुटले तर ते प्लाय घेऊ नका. ५ एचपीपर्यंतच्या मोटरला १२ मिमीचे दोन तुकडे रेझिन आणि मॅट मध्ये घालून जोडलेले, दोन्ही बाजूंनी फायबर चढवून एकूण ३५ मिमीच्या आसपास जाडी पुरते.

जुनी होडी बघताना मोटर लावलेली असेल तर मोटरचा खालचा पाय धरून वर-खाली दाबा आणि फळीकडे नजर ठेवा. फळी लवली किंवा कोपऱ्यात चीर उघडली तर ती आतून गेली आहे असं समजा. मोटर नसेल तर खालचा एखादा स्क्रू मालकाच्या परवानगीने काढा. ओला, काळपट भुसा बाहेर आला तर किमतीतून पूर्ण नवी फळी वजा करा. तेवढी किंमत कमी होत नसेल तर निघा. नवीन होडीला प्रत्येक भोक दोन मिमी मोठं पाडून, कडेला एपॉक्सी लावून, सुकल्यावर सीलंट भरूनच बोल्ट बसवा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि फळीचं आयुष्य यावरच ठरतं.

उंचीही मोजा. मोटरच्या छोट्या दांड्याला ट्रान्सम १५ इंच, लांब दांड्याला २० इंच. चुकीची जोडी झाली की पंखा हवा ओढतो, मोटर ओरडते आणि होडी सरकत नाही.

पाणी भरलं तरी तरंगली पाहिजे

इथे एक पैसाही वाचवू नये. फायबर पाण्यापेक्षा जड असतं. ५० किलोंचं कवच पाण्याखाली १७ किलोंचं ओझं होतं. १८ किलोंची मोटर म्हणजे साधारण १३, शिशाची २८ किलोंची बॅटरी म्हणजे १७, आणि होडीला धरून राहणारी तीन माणसं प्रत्येकी १५ धरली तर ४५. बेरीज ९२. एक लिटर फोम जवळपास एक किलो उचलतो, म्हणून किमान १०० लिटर, सुरक्षित म्हणायचं तर १२० लिटर फोम हवा. १०० सेंमी लांब, २५ रुंद, २० उंच अशी एक पेटी ५० लिटरची होते, यावरून सीटखाली किती जागा लागेल ते बघा.

फोम कुठे घालता हेही तितकंच महत्त्वाचं. सगळा फोम तळाखाली भरला तर पाणी शिरल्यावर होडी उलटी होऊन तरंगते. तो दोन्ही बाजूंना, जमेल तितका काठाच्या जवळ हवा, म्हणजे पाणी भरूनही होडी सरळ राहते. बंद पेशींचा पॉलियुरेथेन फोम वापरा. थर्मोकोल नको, पेट्रोल त्याला विरघळवतं आणि वरून पॉलिस्टर रेझिन लावलं तरी तो वितळून पोकळी राहते. अगदीच पैसे नसतील तर घट्ट बुचाचे २० लिटरचे रिकामे कॅन सीटखाली पट्ट्याने आवळून बांधा. दिसायला ओबडधोबड, पण काम चोख करतात आणि दर वर्षी काढून तपासता येतात. जुन्या होडीत फोमने पाणी प्यालं आहे का ते वजनावरून कळतं: ७० किलोंची म्हणून सांगितलेली होडी ११० भरली तर ते ४० किलो पाणीच आहे.

लाइफ जॅकेटसाठी बजेटमधला वेगळा हिस्सा आधीच बाजूला काढा. पोहता येणाऱ्याला ५० न्यूटनचं चालतं, बाकी सगळ्यांना १०० न्यूटनचं. मुलांना मुलांच्याच मापाचं, पायांमधून पट्टा जाणारं.

इथे वाचवा

३१६ ग्रेडचं स्टेनलेस समुद्रासाठी आहे. धरणावर ३०४ आयुष्यभर चालतं आणि ते कुठेही मिळतं. तळाचा विषारी रंग नको, पिण्याच्या पाण्यात तर मुळीच नको. जस्ताचे बळी-ठोकळे, म्हणजे होडीच्या धातूऐवजी स्वतः गंजणारे तुकडे, तेही नकोत, गोड्या पाण्यात ते काम करत नाहीत आणि होडी बाहेरच काढून ठेवायची असेल तर त्यांची गरजच पडत नाही. गादीच्या सीट, छत, कपहोल्डर, नक्षीचे स्टिकर, संगीत हे सगळं नंतर हवं तर बसवता येतं. थर आणि फळी नंतर बसवता येत नाही. मात्र कड्या आणि दोर बांधायच्या खुंट्या नुसत्या स्क्रूने बसवलेल्या नकोत. आरपार बोल्ट आणि मागे किमान ६ मिमीची पट्टी पाहिजे. हात घालून मागे नट लागतो का ते बघा.

मोटर आणि बॅटरी

आपल्या धरणांवर विजेची ट्रोलिंग मोटर, म्हणजे होडी सावकाश नेणारी बॅटरीवरची छोटी मोटर, हाच सरळ पर्याय. ५५ पौंड जोराची १२ व्होल्टची मोटर पूर्ण वेगात सुमारे ५० अँपिअर ओढते. १०० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) डीप-सायकल, म्हणजे वारंवार खोल उतरवता येणाऱ्या, शिशाच्या बॅटरीतला निम्माच साठा वापरायचा असतो, म्हणजे पूर्ण वेगात एक तास. मोटर अर्ध्या वेगावर ठेवली तर तीच बॅटरी तीन-चार तास पुरते आणि होडी थोडीच हळू जाते. गाडीची बॅटरी लावू नका: ती इंजिन सुरू करायला बनवलेली असते, पाच-पंचवीसदा खोल उतरवली की संपली. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी क्षमतेला चांगली, पण ५० किलोंच्या वर, उंच आणि कलंडली की आम्ल सांडणारी. १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२ किलोंच्या आसपास असते आणि जवळपास सगळी वापरता येते. पहिल्या दिवशी महाग वाटते, पण चिखलातून उचलून नेताना आणि सहा-सात वर्षांच्या हिशेबात तीच स्वस्त पडते. उधळपट्टी वाटेल पण पैसे उरले तर आम्ही इथे घालायला सांगू.

केबल तांब्याची, १६ चौरस मिमी, शक्य तितकी आखूड. बॅटरीपासून वीतभर अंतरात ६० अँपिअरचा ब्रेकर. पातळ केबल गरम होते, मोटर अशक्त वाटते आणि दोष बॅटरीला दिला जातो. बॅटरी पेटीत ठेवून पट्ट्याने तळाला बांधा. मोटर आणि एक माणूस मागे असतो, म्हणून बॅटरी पुढे न्यायची. वल्ह्यांची जोडी मोटर असली तरी होडीत हवीच.

पैसे पूर्ण देण्याआधीची परीक्षा

शेवटचा हप्ता पाण्यावरच्या तपासणीनंतर द्यायचा असं आधीच ठरवा. आधी जमिनीवर, टायरवर होडी टेकवून आत टाचभर पाणी भरा आणि तासभर बाहेरून बघा. आतून बाहेर येणारी गळती शोधायला पाण्यात उतरण्यापेक्षा हे सोपं. मग काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात: ठरलेली माणसं बसवा, काठ पाण्यावर किती राहतो ते चारही बाजूंनी पट्टीने मोजा. सगळ्यांना एका बाजूला सरकवा, काठ पाण्याला टेकता कामा नये. शेवटी माणसं उतरवून, मोटर-बॅटरी काढून त्यांच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या ठेवा आणि बादलीने होडी काठोकाठ भरा. ती सरळ तरंगली पाहिजे आणि तिला धरून तीन माणसं लोंबकळली तरी वर राहिली पाहिजे. विकणारा या परीक्षेला नाही म्हणाला तर बाकीचं सगळं चांगलं असलं तरी त्याचा उपयोग नाही.

ठेवणार कुठे

ट्रेलर रस्त्यावर आणायचा तर आरटीओची नोंदणी लागते. वर्षातून थोड्याच वेळा जाणाऱ्याला छोटा हत्ती भाड्याने घेणं परवडतं. १० फुटी होडी हौद्याबाहेर पाऊण-एक मीटर येते, तिला लाल फडकं बांधा आणि पुढून-मागून पट्टा आवळा. पट्टा काठावरून जातो तिथे खाली जुनं गोणपाट ठेवा.

पावसाळ्यात होडी उघडी आणि सरळ ठेवणं हा सगळ्यात महागडा आळस आहे. १२ फुटी होडीचं उघडं तोंड ४ चौरस मीटरचं. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला एका दिवसात १०० मिमी पाऊस पडणं नवलाचं नाही, तेवढ्याने आत ४०० लिटर पाणी साचतं. ४०० किलोंचं ते ओझं दोन विटांवर टेकलेल्या तळावर येतं आणि विटांच्या जागी तळ आत दबतो. म्हणून होडी उलटी ठेवा, काठाखाली तीन जागी लाकडी दांडे, जमिनीपासून वीतभर वर, म्हणजे हवा खेळेल आणि वाळवी लागणार नाही. उलटी ठेवता येत नसेल तर पाणी काढायचं बूच काढून मागचं टोक थोडं खाली करा आणि बूच मोटरच्या चावीला बांधा, म्हणजे ते लावल्याशिवाय कोणी पाण्यात जाणार नाही. प्लास्टिकची कयाक मात्र कुशीवर किंवा रुंद पट्ट्यांवर, आणि कायम सावलीत. मार्चच्या आत फिक्या रंगाची ताडपत्री घाला, ती अंगाला चिकटणार नाही अशी मध्ये काठी देऊन ताणा. निळी साधी ताडपत्री एका उन्हाळ्यात चिंध्या होते, त्यापेक्षा शेततळ्याच्या जाड प्लास्टिक कागदाचा उरलेला तुकडा मिळाला तर तो अनेक वर्षं टिकतो. द्राक्षपट्ट्यात तो मिळणं अवघड नाही.